हरीण कुणाच्या रानात, पैसा कुणाच्या हातात

ताडकळसचं नाव बाहेरच्या माणसाला भेटतं ते बाजारभावांच्या कोष्टकात. सोयाबीन, तूर, हरभरा. आवक इतके क्विंटल, कमाल भाव इतका, किमान इतका. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. भोवतीच्या खेड्यांचा माल इथं येतो, इथूनच बी-बियाणं आणि खताच्या गोण्या परत जातात. पर्यटनाच्या नकाशावर मात्र ताडकळस नाही. पाटी नाही, सफारी नाही, 'निसर्गाच्या सान्निध्यात' अशी जाहिरात करणारं रिसॉर्ट तर नाहीच. परभणी हा राज्यातल्या अत्यंत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक. इथं नजर जाईल तिथवर काळं रान, मधूनमधून बाभळी, बांधावर लिंब, आणि दक्षिणेला गोदावरी.

म्हणून इथं निसर्ग नाही असं कुणी म्हणेल तर त्यानं मृगानंतरच्या एखाद्या पहाटे शिवारात यावं. सोयाबीन दोन पानांवर आलं की काळविटांचे कळप उतरतात. कोवळे शेंडे खुडत एका रानातून दुसऱ्या रानात जातात. रब्बीत हरभऱ्याचे घाटे धरायच्या आधीच शेंडे गेलेले असतात. हरणांच्या मागे रोही आणि रात्री रानडुकरं. शेतकरी जागलीला जातात. पिकाभोवती जुन्या रंगीत साड्या बांधतात, फटाके उडवतात, ज्याला परवडतं तो झटका मशीन बसवतो. कुणी तारेत थेट वीज सोडण्याचा गुन्हा करून बसतो आणि त्यात हरणांबरोबर माणसंही मरतात. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात निघालेली हरणं बिनकठड्याच्या विहिरीत पडतात, रस्त्यावर गाडीखाली येतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात.

हेच काळवीट पाहायला गुजरातमध्ये वेळावदरला देशभरातून लोक येतात. भावनगर जिल्ह्यातल्या त्या गवताळ प्रदेशाला १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्याची ओळखच काळविटांवर उभी आहे. आपल्याकडे कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी छोटंसं अभयारण्य झालं. तोच प्राणी, तीच डौलदार उडी. एका ठिकाणी तिच्यावर तिकीट लागतं, दुसऱ्या ठिकाणी तिच्यापायी दुबार पेरणी करावी लागते.

निसर्ग पर्यटनाच्या चर्चेत आपण बहुधा पाहुण्यांच्या संख्येपासून सुरुवात करतो: किती आले, किती खोल्या भरल्या, किती महसूल जमा झाला. खरी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून व्हायला हवी. प्राणी, पाणी आणि जमीन सांभाळण्याचा खर्च आज कोण करतंय? आणि उद्या पैसा आला तर तो त्याच घरात पोचणार आहे का? महाराष्ट्रातल्या गाजलेल्या निसर्ग पर्यटनस्थळांकडे ताडकळसच्या बाजूनं पाहिलं की हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येतो.

फाटकाच्या आत, फाटकाच्या बाहेर

ताडोबा हे यशाचं ठळक उदाहरण. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं जंगल. पुढं १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, आणि त्याभोवती जवळपास ११०० चौरस किलोमीटरचं बफर. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या फाटकांवर पहाटे जिप्सींची रांग लागते. एकेकाळी रोजगार हमीशिवाय काम नसलेल्या गावांतली पोरं गाइड झाली, जिप्सी चालवू लागली. गाइड म्हणून बायाही पुढं आल्या. बफरमधल्या आगरझरीसारख्या गावात गावसमितीच्या हाती निसर्ग पर्यटनाची कामं आली. चंद्रपूरच्या त्या पट्ट्यात 'वाघामुळं घर चालतं' हे वाक्य आता नवलाचं राहिलेलं नाही.

फाटकाबाहेर मात्र दुसरा ताळेबंद मांडलेला असतो. रिसॉर्टसाठी जमिनी गेल्या, त्या बहुतेक बाहेरच्यांनी घेतल्या. मालक नागपूर-मुंबईचा आणि ज्याची जमीन होती त्याचा मुलगा त्याच आवारात वेटर, असं चित्र अनेक ठिकाणी दिसतं. वाघ वाढले तसे ते बफरमध्ये आणि त्याही पलीकडच्या शेतात येऊ लागले. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. पर्यटकाला जो वाघ जिप्सीतून दिसतो, तोच तेंदूपान तोडणाऱ्या बाईला पायी भेटतो. पहिल्याच्या अनुभवाला किंमत आहे, दुसरीच्या जोखमीला फक्त भरपाई, तीही घटना घडून गेल्यावर.

२०१२ साली हा प्रश्न देशाच्या पातळीवर आला होता. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबवलं. ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, बंदी उठली, आणि गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन अशी मर्यादा ठरली. स्थानिकांना उत्पन्नाचा वाटा मिळावा हेही त्या चर्चेत होतं. पुढं २०१५ मध्ये राज्यानं जन-वन विकास योजना आणली, तिचा रोख जंगलालगतच्या गावांवर होता: स्वयंपाकाचा गॅस, कुंपण, पर्यायी रोजगार. म्हणजे वाटा देण्याची गरज सरकारलाही पटली. फक्त ती पर्यटन उभं राहून गेल्यावर पटली. तोवर फाटकाजवळच्या जमिनीचे भाव आणि मालक दोन्ही बदलले होते.

माणसांनी राखलेलं, माणसांनीच तुडवलेलं

गर्दीचं गणित कासच्या पठारावर नीट कळतं. साताऱ्याजवळचं हे कातळावरचं फुलांचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. कातळावरच्या मातीचा थर बोटाएवढा, त्यात उगवणारी फुलं बुटाच्या एका टाचेखाली संपतात. मग भोवतीच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांकडे व्यवस्था आली, शुल्क लागलं, ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला साधारण तीन हजारांची मर्यादा ठरली. गावातल्या माणसांना हंगामात काम मिळालं.

पण राखण्याच्या भरात गुरांची चराई बंद झाली, कुंपण आलं आणि उंच गवतानं फुलांवर कुरघोडी केल्याची तक्रार सुरू झाली. पिढ्यानपिढ्या तिथं चरणारी गुरं हीसुद्धा त्या फुलांच्या गणिताचा भाग होती, हे उशिरा लक्षात आलं. निसर्ग म्हणजे माणूस आणि गुरं वजा करून उरलेली जागा, ही शहरी कल्पना आहे. आपल्या माळांवर, गायरानांवर आणि नदीकाठांवर ती चालत नाही.

काजव्यांचं तसंच. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाच्या तोंडावर झाडं लुकलुकू लागतात. पूर्वी ते गावाचं रात्रीचं जग होतं, आता तो 'महोत्सव' झाला. काजव्यांचा प्रकाश ही नर-मादीची खूण असते. गाडीच्या दिव्यांत आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये ती खूणच पुसली जाते. पुढच्या वर्षी काजवे कमी झाले तर पर्यटक दुसरं खोरं शोधतो, गावाला मात्र दुसरं खोरं नसतं. वनखात्याला वेळेचे आणि वाहनांचे नियम घालावे लागले.

या सगळ्यात रत्नागिरीतल्या मंडणगड तालुक्याचं वेळास गाव वेगळं उठून दिसतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमाराला तिथं ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. तोवर अंडी खाल्ली जात, विकली जात. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्राकडे सोडायची वेळ पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि गावातल्याच घरांत उतरतात. जेवण घरचं, झोपायला पडवी नाहीतर माडी. पैसा थेट त्या घरात जातो. हॉटेल आधी आलं नाही, राखण आधी आली, ती गावानं अंगावर घेतली आणि मग पाहुणे आले. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं बिघडतं.

देव, पाणी आणि फोटो

परभणीकरांना निसर्गाचा चमत्कार पाहायचा झाला तर जिंतूर ओलांडून लोणारला जाता येतं. उल्कापातानं बेसाल्टमध्ये पडलेलं हे विवर, त्यातलं खारं-अल्कधर्मी पाणी, काठावरची कमळजा देवी, गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर आणि लवणासुराची कथा. १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवारसा म्हणून नोंद झाली, २००० मध्ये अभयारण्य, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत समावेश. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि देशभर फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव कारण असल्याचं सांगितलं.

फोटो बघायला गर्दी झाली, पण लोणारचा मूळ प्रश्न गर्दीइतकाच गावाच्या सांडपाण्याचा होता. तळ्याची खासियत त्याच्या क्षारांत आहे. गोडं आणि घाण पाणी त्यात मिसळत गेलं की ती खासियतच जाते. हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तिथून आदेश निघत राहिले. दर्जा मिळाला, नाली नाही सुधारली: मराठी मुलखातल्या कितीतरी 'पर्यटन विकासां'ची ही एका ओळीची कहाणी आहे.

लोणारची दुसरी शिकवण देवीची आहे. नवरात्रात कमळजेच्या दर्शनाला येणारी बाई उल्केबद्दल काही जाणत नसेल, पण तळ्याशी तिचं नातं परदेशी भूशास्त्रज्ञापेक्षा जुनं आहे. ताडोबात तर जंगलाचं नावच तारू देवाचं. वाघाशी झुंजताना गेलेला हा गोंडांचा पूर्वज, त्याचं ठाणं तळ्याकाठी. आता ते व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात असल्यामुळं आपल्याच देवाकडे जायला भाविकांना वनखात्याच्या नियमांत बसावं लागतं. नियम चुकीचे आहेत असं नव्हे. पण सकाळच्या फेरीत शहरातली गाडी आत जाते आणि देवाचा वारस फाटकावर थांबतो, तेव्हा गावाच्या मनात जंगल आपलं राहिलं नाही ही भावना घर करते. ती एकदा रुजली की वणवा विझवायला, शिकाऱ्याची खबर द्यायला कुणी पुढं येत नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यानं हीच गोष्ट मोठी किंमत मोजून शिकवली. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगरचा साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात गावं, शेतं, शहरं सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले, कामं अडली आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. क्षेत्र घटवून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणायला २०१२ उजाडलं. तोवर माळढोकच दिसेनासा होत चालला होता.

इथं काय आहे

आता ताडकळसकडे येऊ. इथं वाघ नाही, घाट नाही, समुद्र नाही. आहे ते असं.

पालमच्या वाटेवर धानोरा काळेजवळ गोदावरी लागते. तीच नदी पुढं कंठेश्वरला पूर्णेला भेटते. त्या पूर्णेवर वरच्या अंगाला, जिंतूर तालुक्यात, १९६८ मध्ये पुरं झालेलं येलदरी धरण आहे. त्याचा फुगवटा हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांना बोलावतो. गोदावरीवर वर जायकवाडीला १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. या नद्यांचे वाळूचे दांडे हे नदी सुरयासारख्या पक्ष्यांच्या अंड्यांची जागा, पण या पट्ट्यात वाळूची ओळख रात्रीच्या टिप्परमुळं जास्त आहे. उपसलेली वाळू म्हणजे खोल गेलेलं पाणी, ढासळलेले काठ, कोरड्या पडलेल्या विहिरी. नदी पाहायला पाहुणा आणायचा असेल तर आधी नदीत वाळू राहिली पाहिजे. पर्यटनाचा पहिला विरोधक इथं रिसॉर्टवाला नाही, वाळूमाफिया आहे. तो जिथं राजकारणाच्या आश्रयानं उभा असतो तिथं पक्षिनिरीक्षण मनोऱ्याचं भूमिपूजन ही थट्टा ठरते.

दुसरं भांडवल शेताचं. २०२० मध्ये राज्यानं कृषी पर्यटन धोरण आणलं. पुण्या-नाशिकजवळच्या शेतकऱ्यांना त्याचा जास्त उपयोग झाला, कारण गिऱ्हाईक दीड-दोन तासांवर. इथून मुंबई रात्रभराची गाडी. पण परभणी, नांदेड जवळ आहेत, आणि थंडीतला हुरडा या पट्ट्याचा हक्काचा आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथल्या ज्वारीवर काम करतंय, खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' हा वाण त्यानं दिला. शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांत कणसं भाजायची, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. हे दाखवायला काही बांधावं लागत नाही. ज्वारीचं क्षेत्र सोयाबीनपुढं आकसत असताना हुरड्याला चार पैसे मिळाले तर कडब्याचा आणि भाकरीचा असा दुहेरी फायदा घरात राहतो.

धोकाही इथंच आहे. मराठवाड्यात रानात जाण्याची रीत तिकिटाची नाही. लातूर-धाराशिवकडे येळवशीला अख्खं गाव रानात जेवायला जातं, वाटेवरच्या अनोळखी माणसालाही आंबिल आणि भज्जी दिल्याशिवाय सोडत नाहीत. शेगावहून पंढरीला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडवरून जाते तेव्हा भाकरीचा हिशेब कुणी ठेवत नाही. पैसे घेऊन जेवू घालणं यात कमीपणा नाही, वेळासनं ते सन्मानानं केलं. पण 'ग्रामीण संस्कृती' नावाखाली फेटे बांधून पोतराज नाचवायचा, बैलगाडीत सेल्फी काढून द्यायचा, हे सुरू झालं की पाहुणचाराचं नाटक होतं आणि नाटकात मालक एक, नट दुसरा. मग उन्हाळ्यात पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे या विभागानं पाहिलेलं आहे. अशा मुलखात तरणतलावाचं रिसॉर्ट हे गावच्या विहिरीवर टाकलेलं कर्ज आहे.

तिसरं भांडवल म्हणजे तीच हरणं. पुणे वनविभागानं २०२४ च्या सुरुवातीला इंदापुरात कडबनवाडी आणि बारामतीत शिर्सुफळ इथं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. लांडगा, चिंकारा, तरस दाखवायला गावातलेच तरुण गाइड म्हणून घेतले. माळरानही पाहण्याजोगं असतं, हे सरकारी पातळीवर मान्य झालं ही मोठीच गोष्ट. पण तिथं वनखात्याची गवताळ जमीन आहे. आपल्याकडे काळवीट चरतं ते सात-बाराच्या रानात. इथं सफारी करायची तर फाटक वनखात्याचं नसेल, शेतकऱ्याचाच बांध फाटक होईल. म्हणून वाटणीचा प्रश्नही इथं जास्त धारदार आहे.

आधी भरपाई, मग पाटी

काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षित. त्याला हात लावता येत नाही, लावूही नये. राज्याच्या पीकनुकसान भरपाईत रानडुक्कर, रोही यांच्याबरोबर हरीणही, 'सारंग व कुरंग' अशा नावानं, मोजलेलं आहे. कागदावर शेतकरी एकटा नाही. प्रत्यक्षात तक्रार, पंचनामा, चकरा, आणि तोवर उगवणीचा हंगाम निघून गेलेला. दोन पानांवर खाल्लेल्या सोयाबीनचं नुकसान पंचनाम्यात कसं दिसावं? तिथं शेत रिकामं दिसतं एवढंच.

आफ्रिकेत नामिबियानं १९९६ मध्ये कायदा करून सामुदायिक जमिनीवरच्या लोकांना त्यांच्या हद्दीतल्या वन्यप्राण्यांपासून आणि पर्यटनापासून मिळणाऱ्या उत्पन्नावर हक्क दिला. हत्तीनं पीक तुडवणं त्यामुळं थांबलं नाही. पण हत्ती सरकारचा आणि नुकसान आमचं, ही वाटणी बदलली. आपल्या पंचायत व्यवस्थेला हे जमणार नाही असं मानायचं कारण नाही.

ताडकळस परिसरातल्या एखाद्या ग्रामसभेला हे करायचं असेल तर कामाचा क्रम साधा आहे, अवघड असला तरी. आधी शिवारातल्या नुकसानीची गावानं स्वतः गटवार नोंद ठेवायची. उघड्या विहिरींना कठडे घालायचे, ते काम रोजगार हमीत बसवता येतं. गायरानावर गवत राखायचं, म्हणजे हरणांना पिकाबाहेर चारा राहील आणि गुरांनाही. नदीपात्रातून वाळू कुणी किती नेतो याचा जाब विचारायचा. एवढं झालं की मगच पाहुण्यांचा विचार: दिवसाला किती, कोणत्या हंगामात, गाडी कुठवर, आणि प्रवेश शुल्कातला ठरलेला वाटा ज्यांच्या गटात हरणांनी नुकसान केलं त्यांना, त्या नोंदवहीप्रमाणे. पाहुण्यांची सोय गावातल्या घरांत. जमीन भाड्यानं द्यायची, विकायची नाही.

यातून ताडकळसचं ताडोबा होणार नाही. वर्षाला काही शेकडा माणसं आली तरी खूप झालं. नांदेडच्या एखाद्या शाळेची सहल, परभणीतले पक्षीप्रेमी, हुरड्याला आलेलं एखादं कुटुंब. उत्पन्न मोठं नसेल. पण ज्या शेतकऱ्याला हरीण म्हणजे फक्त जागल होती, त्याच्या हिशेबात त्याच हरणासमोर एक जमेचा रकाना येईल. असा रकाना आल्याशिवाय संरक्षणाची भाषणं बांधापर्यंत पोचत नाहीत, आणि तो आधी न मांडता उभारलेलं पर्यटन शेतकऱ्याच्या माथी आणखी एक नुकसान मारतं.